कप्प्यातली वही: जुनी छोटी गाडी भरवशाची कशी ठेवावी

सकाळी पावणेसातला मला पुण्यात सहकारनगरात पोचायचं असतं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी पलंगाच्या कडेला बसून वाट बघत असतात, मी आल्याशिवाय त्या उभ्या राहत नाहीत. तिथून पर्वती, मग दत्तवाडी, मग सिंहगड रोड, दुपारी कोथरूड. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. दिवसाला सहा-सात घरं, दोन घरांमध्ये तीन-चार किलोमीटर, आणि डिकीत वॉकर, वजनांच्या पिशव्या, दुखण्यावर विजेचे हलके झटके देणारं टेन्सचं मशीन. हे सगळं स्कूटरवर मावत नाही आणि रिक्षा प्रत्येक दारात तास-तास उभी करता येत नाही.

माझी गाडी २०१२ ची वॅगन-आर, पेट्रोलची. २०१६ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर ४१,००० किलोमीटर होते, आज १,२६,००० आहेत. एवढ्या वर्षांत तिने मला रस्त्यात दोनदा उभं केलं. दोन्ही वेळा तिने आधी सांगितलं होतं. मी ते वहीत लिहिलंही होतं, पण मागची पानं उलटून पाहिली नव्हती.

आता भाचीला हिंजवडीत नोकरी लागली आहे आणि तिला अशीच एखादी गाडी घ्यायची आहे. "मावशी, काय काय बघायचं?" म्हणून तिने फोन केला. तासभर बोलले तरी अर्धं राहिलंच, म्हणून हे लिहून काढते आहे.

घेण्याआधी

एक लिटरच्या आतबाहेरचं साधं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे गिअर, टर्बो नाही, आणि ज्याचा कुठलाही पार्ट नाना पेठेत त्याच दिवशी मिळतो अशी गाडी घ्यावी. यातली शेवटची अट मी सगळ्यात वर ठेवते. रस्त्यावर जी गाडी सर्रास दिसते, ती उघडून मिस्त्रींचा हात बसलेला असतो. चार हजारांत एक दिसणारी गाडी कितीही देखणी असली तरी तिच्या एका आरशासाठी तीन आठवडे थांबावं लागतं, आणि माझे पेशंट तीन आठवडे थांबू शकत नाहीत.

माझ्या गाडीत ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरतंच, पहिल्यांदा चालवणारा उगाच घाबरतो. रोजची थरथर ओळखून ठेवावी. ती वाढली तर बघायचं. या इंजिनात टायमिंग चेन आहे, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी. ७९६ सीसीच्या ऑल्टोत मात्र तिच्या जागी बेल्ट असतो, आणि बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. जुन्या मालकाकडे त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत करा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, ते गार हवं. गरम इंजिन बरेच दोष लपवतं. गार इंजिन चालू होताना मागे उभं राहून सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ थंडीत पहिली दोन-चार मिनिटं येतेच, पण इंजिन तापल्यावरही ती येत राहिली आणि तिला गोडसर वास असला तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, आत झिरपतंय, ती गाडी सोडून द्या. ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा. ताकासारखा पांढरा थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणामुळे झाकणाला थोडीशी साय दिसते, तेवढ्यावरून निकाल देऊ नये. डिपस्टिकवरही (ऑइल मोजायच्या पट्टीवर) तसंच दिसलं तर मात्र परत फिरा.

मीटरवरच्या आकड्यापेक्षा पॅडलचं रबर जास्त खरं बोलतं. ४०,००० सांगतात आणि क्लचच्या पॅडलवरच्या रेघा पार गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, सीटची डावी-उजवी कड फाटलेली, तर हिशेब जुळत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांचे आणि स्टेपनीचे आकडे टिपून घ्या. गाडीचा सांगितलेला इतिहास आणि टायरांची वयं एकमेकांशी बोलतात का, ते लगेच कळतं.

पुण्यात आणखी एक गोष्ट बघायलाच हवी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या उभ्या गाड्या अक्षरशः वाहून गेल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला उभी राहू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीतल्या आतल्या पट्ट्यावर मातीचा डाग राहतो, तिथवर कोणी धुवायला जात नाही. सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा, स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात गाळ आहे का बघा, पायातली मॅट काढून खाली नाक लावा.

मग चालवून बघा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू असताना ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी जागची हलेना, तर क्लच प्लेट संपली. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. कट-कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलेला आहे. दोन्ही दुरुस्त होतात, पण ते पैसे किमतीतून कमी व्हायला हवेत. आणि ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर न्या. त्यांचा अर्धा दिवस मोडतो, त्याचे पैसे द्या, फुकटात नेऊ नका.

व्यवहारात मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर कर्ज होतं तर त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५ व बँकेची एनओसी, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चेसिस नंबर स्वतः वाकून आरसीशी ताडून बघा. थकलेली ई-चलनं आधीच्या मालकाला भरायला लावा. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो गाडीबरोबर येत नाही.

वही

दोनशे पानी साधी वही, पेन दोऱ्याने बांधलेलं, डॅशबोर्डच्या कप्प्यात. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेरा असे पाच रकाने. मोबाइलवरही करता येतं, पण मिस्त्रींसमोर पानं उलटून दाखवता येतात म्हणून मला वहीच बरी वाटते.

ॲव्हरेज काढायची खरी पद्धत एकच. टाकी फुल करायची, पंपाचा नॉझल आपोआप बंद झाला की थांबायचं, वर आणखी दोन लिटर कोंबायला सांगायचं नाही. पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना जेवढे लिटर बसले, त्याने मधल्या किलोमीटरना भागायचं. शक्यतो पंप तोच ठेवायचा. माझी गाडी शहरात १४ च्या आसपास देते, वाईला जाताना १९. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून शहरातला आकडा १३ वर आला आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे एवढी घट हिशेबात बसते. जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या मी आता दर सर्व्हिसिंगला हाताने दाबून बघायला लावते, कडक झाल्या किंवा तडकल्या तर बदलते.

एका फुल टाकीवरून काही ठरवू नये, तीन बघाव्यात. मागच्या हिवाळ्यात सलग तीन वेळा ११.८, ११.६, ११.९ आलं. गाडी चालायला काहीच वाटत नव्हतं. एके दिवशी कोथरूडहून परत आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला (लावू नका, भाजतं) आणि मागचं डावं चाक धगधगत होतं. हँडब्रेकची केबल अडकून ड्रम घासत होता. केबल आणि थोडी साफसफाई एवढ्यात काम झालं. तसंच चालू ठेवलं असतं तर ड्रम, ब्रेक शू आणि कदाचित बेअरिंगही गेलं असतं.

पण वहीतला खरा कामाचा रकाना शेऱ्याचा. तिथे निदान लिहायचं नाही, जाणवलं ते लिहायचं. २०१८ च्या नोव्हेंबरात माझ्या हस्ताक्षरात आहे: "सकाळी स्टार्टर एक क्षण जड." दोन आठवड्यांत तीनदा. चौथ्या वेळी दत्तवाडीत, सकाळी साडेसातला, चावी फिरवली आणि नुसती टक् झाली. ही पहिली वेळ. त्या दिवशी पर्वतीच्या पुढच्या सगळ्या पेशंटना फोन करून माफी मागितली.

माझ्यासारखं जे दिवसातून सात वेळा गाडी चालू-बंद करतात, त्यांच्या बॅटरीला प्रत्येक वेळी झटका बसतो आणि चार किलोमीटरमध्ये अल्टरनेटरला ती भरून काढायला वेळच मिळत नाही. तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं आयुष्य, आपलं खालच्या बाजूला धरायचं. चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू असतानाही आकडा वर गेला नाही तर दोष बहुतेक बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा आहे, आणि नवी बॅटरी घालून काहीही होणार नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, वर पेट्रोलियम जेली लावा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

जवळच्या जवळ फिरणारी गाडी

कमी फिरते म्हणून गाडी कमी झिजते असं लोकांना वाटतं. माझ्या कामात उलट आहे. चार किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, आत दमटपणा आणि न जळलेल्या पेट्रोलचे अंश ऑइलमध्ये साठत राहतात. तापलं असतं तर ते वाफ होऊन निघून गेले असते. गाडीच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी येईल ते, असं लिहिलंय. मी ऑइल आणि ऑइल फिल्टर दर सहा महिन्यांनी बदलते, किलोमीटर पाच हजार झालेले असोत वा चार. ऑइलचा ग्रेड पुस्तकात छापलेला आहे तोच. घट्ट ऑइल घाला, आवाज कमी होईल, असं कोणी सुचवलं तर नको म्हणा.

महिन्यातून दोनदा तरी गाडीला सलग तासभर हायवे मिळायला हवा. मी आईला भेटायला वाईला जाते, त्यात ते होऊन जातं. ज्यांचं गाव जवळ नाही त्यांनी रविवारी पानशेतपर्यंत जाऊन यावं. सोसायटीत उभ्या गाडीचं इंजिन नुसतं पाच मिनिटं चालू ठेवून काही साधत नाही, उलट बॅटरी आणखी उतरते.

क्लचचं वेगळं सांगायला हवं. दांडेकर पुलाच्या सिग्नलला बघा, दहातल्या सहा जणांचा पाय क्लचवर असतो. सिग्नल लाल झाला की गाडी न्यूट्रलला टाका आणि पाय पूर्ण काढून घ्या. तळजाईच्या चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची कला काही जणांना फार आवडते. त्या प्रत्येक मिनिटाला क्लच प्लेट घासत असते, कधी कधी जळका वासही येतो. चढावर हँडब्रेक ओढा, निघताना गिअर टाकून क्लच थोडा सोडा, गाडीने पुढे जायची ओढ दाखवली की हँडब्रेक सोडा. रिकाम्या रस्त्यावर दोन दिवस सराव केला की हात बसतो. माझी पहिली प्लेट ७८,००० ला बदलली. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम घाला. मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, ती दोनदा देण्यात अर्थ नाही.

कूलंट

दुसरी वेळ मे २०१९ ची, खंबाटकी घाटातली. गाडीत चौघं, एसी चालू, पुढे दोन्ही लेनमध्ये ट्रक, गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत होती. तापमानाची खूण लाल झाली. मी लगेच एसी बंद केला, हीटर आणि पंखा पूर्ण सोडला. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. कडेला जागा मिळाली तशी गाडी घेतली, इंजिन बंद केलं, मागे त्रिकोण ठेवला आणि सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं केलं. बॉनेट उघडलं, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, झाकण सैल होताच ते तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो. गार झाल्यावर कापड धरून झाकण काढलं, जवळच्या बाटल्यांतलं पाणी घातलं आणि सुरूर फाट्यापर्यंत हळू गेलो.

कूलंटच्या एका नळीला क्लिपजवळ बारीक चीर होती. घरी येऊन वही काढली तर मार्च आणि एप्रिलमध्ये तीन वेळा लिहिलेलं: "बाटलीत कूलंट खाली, भरलं." कूलंट हे बंद चक्रातलं द्रव आहे, ते संपत नसतं. बाटलीतली पातळी एकदा खाली गेली तर भरा आणि तारीख लिहा. महिन्याभरात दुसऱ्यांदा गेली तर भरून पुढे जाऊ नका, गळती शोधा.

मी तेव्हा दोन-तीन किलोमीटर आणखी रेटलं असतं तर इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं, हेड गॅस्केट गेलं असतं, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या दारात जाऊन बसतो. लाल खूण दिसल्यावरचं पहिलं मिनिट सगळं ठरवतं. पुढचा ढाबा आला की थांबू, असं तिथे चालत नाही.

आणखी एक. त्याआधी एका गॅरेजात नळाच्या पाण्यानेच रेडिएटर भरून दिला होता, हे नळी उघडल्यावर आतल्या क्षारांवरून कळलं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलचं जे होतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं होतं. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, एक लिटरचा डबा डिकीत ठेवा. अडीअडचणीला पाणी चालतं, पण नंतर सगळं काढून नीट भरून घ्या.

उतार

जुन्या कात्रज बोगद्याकडून येताना असो, दिवे घाटात असो की पाचगणीहून पसरणीने उतरताना असो, गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे लोक मला आजही भेटतात. त्यांना मी एवढंच समजावून सांगते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणंच थांबतं, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जळत राहतं. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोलही वाचत नाही आणि गाडीला धरून ठेवणारं इंजिनही सुटतं. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक पॅडल दाबूनही नीट लागत नाहीत. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते, पॅडल दगडासारखं होतं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आपण सगळेच जाणतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडका दिल्या. त्या उतारावर मी डावी लेन आणि तिसरा गिअर सोडत नाही, आणि मागच्या आरशात सतत बघते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम छोट्या गाडीला तंतोतंत लागू पडतो. ब्रेकचं ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. यात मी एकही महिना पुढे ढकलत नाही.

पावसाळा

मे संपायच्या आत वायपरचे ब्लेड नवे. उन्हात रबर कडक झालेलं असतं, पहिल्याच पावसात काचेवर पट्टे उमटतात. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला जी जाळी असते, तिच्यात सोनमोहराची आणि गुलमोहराची पानं-फुलं कुजून पाणी जायची भोकं बुजतात. मग पाणी पायाशी येतं आणि मॅटखालचा पत्रा वर्षभर ओला राहतो. दरवाजांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, काडीने मोकळी करा. टायरच्या नक्षीत खोलवर बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर संपला. पुण्यातल्या ओल्या रस्त्यावर मी तिथवर थांबत नाही. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर गार असताना.

पाणी साचलेल्या रस्त्यावर पुढच्या गाडीचं अर्धं चाक बुडत असेल तर जाऊ नका. आणि समजा पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. नेहमीच्या विम्यात असं आतून खराब झालेलं इंजिन बहुतेकदा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. ओढ्याकाठी किंवा बेसमेंटला गाडी लावणाऱ्यांनी ती घ्यावीच.

उंदीर वर्षभर असतात, पण पावसात जास्त येतात. कचऱ्याच्या डब्याजवळ आणि कबुतरांना दाणे टाकतात तिथे गाडी लावायचं मी सोडलं, हवेच्या नळीच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवून घेतली. त्यानंतर वायर कुरतडलेली नाही.

मिस्त्री

माझ्याकडे पेशंट "मणका सरकलाय" असं सांगत आला तर मला ते बाजूला ठेवून पहिल्यापासून विचारावं लागतं: कुठे दुखतं, कधी, बसून उठताना की चालताना. गॅरेजमध्येही तसंच. "शॉकअप गेलाय" असं सांगू नका. "गाडी गार असताना, स्पीडब्रेकरवरून डावं पुढचं चाक उतरताना एकदाच टक् वाजतं, ब्रेक दाबलेला असला तर वाजत नाही" असं सांगा. शेजारी बसवून तो आवाज ऐकवा. असं सांगितल्यावर माझ्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत सस्पेन्शनचा लिंक रॉड हलवून दाखवला. नऊशे रुपयांत काम झालं. त्याच आवाजासाठी आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मला चौदा हजारांचं एस्टिमेट दिलं होतं, त्यात इंजेक्टर क्लीनिंगही होतं. एस्टिमेटमधल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: हे आज केलं नाही तर काय होईल? ज्याला उत्तर मिळत नाही ती ओळ खोडायला सांगा.

काढलेला जुना पार्ट परत मागा. संशय म्हणून मागायचा नाही. हातात घेऊन बघितला की काय झिजलं होतं ते कळतं, आणि चांगल्या मिस्त्रींना ते दाखवायला आवडतं. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच आणि कूलंटच्या नळ्या ओरिजिनलच घ्या. मॅट, सीटकव्हर, हॉर्न कुठलेही चालतात. पैसे त्याच दिवशी द्या. सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझी गाडी आधी हातात घेतली जाते, ते उगाच नाही.

कागद आणि पैसे

पीयूसी आणि विम्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी लागते, मी घेतली आहे.

दर महिन्याला दोन हजार रुपये मी गाडीच्या नावाने आवर्ती ठेवीत टाकते. वर्षाचे चोवीस हजार होतात. ऑइलची दोन सर्व्हिसिंग, विमा आणि एखादं किरकोळ काम त्यात निघतं, उरलेले पुढच्या टायरसाठी आणि बॅटरीसाठी साठतात. टायर एकदम चार बदलायची वेळ आली की ज्यांनी काही बाजूला ठेवलेलं नसतं ते गुळगुळीत टायरवर आणखी एक पावसाळा काढतात, ते मला बघवत नाही.

२०२७ मध्ये माझ्या गाडीला पंधरा वर्षं होतील. संगम पुलाजवळच्या आरटीओत पुन्हा नोंदणी करावी लागेल, ती पाच वर्षांसाठी मिळते, आणि पर्यावरण कर भरावा लागेल. करायचं की गाडी सोडायची, हे मी इंजिनाकडे बघून ठरवणार नाही, इंजिन उघडून नीट करता येतं. मी खालचा पत्रा बघणार आहे. गेल्या महिन्यात गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा मिस्त्रींनी दरवाज्यांखालची पट्टी, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा आणि पायाखालचा पत्रा हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकून ऐकवला. सगळीकडे खणखणीत आवाज आला, फक्त मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत पाच रुपयांच्या नाण्याएवढा गंज निघाला. तो घासून, प्रायमर आणि अंडरकोटिंग मारून घेतलंय. वहीत तारीख लिहिली आहे, दिवाळीनंतर पुन्हा लिफ्टवर घेऊन बघायचं.